दुसरा शुक्रवार द्या: मल्टिप्लेक्समध्ये शो लावणाऱ्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्समध्ये कुठल्या स्क्रीनवर, किती वाजता, कुठला चित्रपट लागणार हे ठरवणाऱ्या तुम्हा सर्वांना,

आपली ओळख नाही. पण गेली कित्येक वर्षं माझे शनिवार-रविवार तुम्हीच ठरवत आला आहात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तुम्ही आकडे घेऊन बसता, पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक लावता, आणि गुरुवारी रात्री जेवणं उरकली की मी मोबाइलवर ते उघडून बघते. मराठी चित्रपट थिएटरात जाऊन बघायची माझी सवय त्या वेळापत्रकावर टिकून आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

वर्ष संपायला चार दिवस उरलेत. २०२५ मधले माझे आवडते चित्रपट कोणते आणि वर्षातला सगळ्यात चांगला अभिनय कुणाचा, याची यादी मी काढली आहे. दरवर्षी काढते आणि वहीत ठेवते. यंदा वहीत ठेवायची नाही असं ठरवलं. पुरस्कारांच्या परीक्षकांना ती पाठवून उपयोग नाही. त्यांना चित्रपट दाखवले जातात, ते बसून बघतात. माझ्या यादीतल्या चित्रपटांचं जे अडलं ते तुमच्या टेबलावर अडलं. तेव्हा मागणी आधीच सांगून टाकते. या चित्रपटांना जानेवारीत एक आठवडा पुन्हा द्या, आणि नव्या वर्षात अशा चित्रपटांना निदान दुसरा शुक्रवार बघू द्या. का, ते यादीबरोबरच सांगते.

यंदाचा माझा सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘सबर बोंडं’.

रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार त्याला मिळाला. त्या महोत्सवात निवडला गेलेला हा पहिला मराठी कथापट. आपल्याकडे तो लागला १९ सप्टेंबरला. त्याच शुक्रवारी ‘जॉली एलएलबी ३’ आला होता आणि आदल्या शुक्रवारी लागलेला ‘दशावतार’ गर्दी खेचत होता. माझ्या घरापासून जवळच्या एकाही थिएटरात ‘सबर बोंडं’चा शो नव्हता. दोन गाड्या बदलून आम्ही दोघी गेलो, मी आणि आई. दुपारचा शो. हॉलमध्ये मोजून अकरा माणसं.

माझं आजोळ अकोले तालुक्यातलं, आणि चित्रपटातलं गाव शेजारच्या संगमनेरकडचं. गावातली पहिली दोन-तीन वाक्यं कानावर पडली तशी आई खुर्चीत सावरून बसली. ‘हे आपल्याकडचं बोलणं आहे,’ असं ती मला म्हणाली, आणि मग दीड-पावणेदोन तास काही बोलली नाही. तिच्या माहेरच्या माणसांचं बोलणं तिने मोठ्या पडद्यावर, त्या माणसांची टिंगल न होता, पहिल्यांदाच ऐकलं असावं.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी चित्रपट न बघताच त्याचे शो लावले आणि उतरवले असणार. आठवड्याला येणारे सगळे चित्रपट बघणं कुणालाच शक्य नाही. आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. तिशीत आहे, लग्न झालेलं नाही. वडील जातात. आईबरोबर तो गावी येतो, दहा दिवसांसाठी. सुतकाचे सगळे नियम, भावकी, चुलते, आत्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून येणारा एकच प्रश्न: लग्नाचं काय? आनंदला बायको करायची नाही, त्याचं मन पुरुषावर जडतं, हे आईला ठाऊक आहे. वडिलांनाही ठाऊक होतं. आणि गावात बाळ्या आहे, लहानपणचा मित्र, त्याच्याही मागे घरच्यांनी लग्नाचा लकडा लावलेला.

या दहा दिवसांत मोठं असं काही घडत नाही. पार्श्वसंगीत नाही. दोन माणसं बांधावर बसतात, झाडाखाली आडवी होतात, बाळ्या आनंदसाठी सबराची बोंडं आणतो. ज्यांनी ही बोंडं खाल्ली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. लालभडक गर, तोंड रंगून जातं, पण वरच्या बारीक कुसांना हात लागला की दोन दिवस बोटं चुरचुरतात. आई सांगत होती, ते लोक लहानपणी ती बोंडं मातीत लोळवायचे, गोणपाटावर घासायचे आणि मगच सोलायचे. कुणासाठी तरी बोंडं आणायची म्हणजे कुसं आपल्या बोटांत घ्यायची. तुला मी आवडतो का, असं या चित्रपटात कुणी कुणाला बोलून विचारत नाही. पिशवीतल्या बोंडांतून ते कळतं.

आनंदचं काम भूषण मनोज यांनी केलं आहे, बाळ्याचं सूरज सुमन यांनी. दोघेही उत्तम. भूषण मनोज यांच्या वाट्याला बहुतेक वेळ ऐकून घेणं आलं आहे. चुलता बोलतो, हा ऐकतो. आत्या टोचून बोलते, हा ऐकतो. नुसतं ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय दाखवायचं, हा नटापुढचा फार कठीण प्रश्न आहे. वडील गेल्याचं दुःख आणि आपण इथे परके आहोत हे भान, दोन्ही एकाच वेळी त्यांच्या खांद्यांत दिसतात.

पण या चित्रपटातला माझ्या लेखी सगळ्यात मोठा अभिनय जयश्री जगताप यांचा. आनंदच्या आईचा. वर्षातली सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून माझ्या यादीत त्यांचं नाव आहे, आणि दुसरं नाव लिहायची वेळच आली नाही. नवरा गेला आहे, घरात माणसांची रीघ आहे, आणि या बाईला एकाच वेळी दोन कामं करायची आहेत: स्वतःचं रडणं रडायचं आणि मुलाच्या अंगावर येणारे प्रश्न मधल्या मध्ये झेलायचे. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा ती मध्ये पडते, काहीतरी सांगून वेळ मारून नेते. त्या क्षणी तिच्या आवाजात खोटं बोलण्याची घाई नाही. भाजी चिरता चिरता सांगावं तसं सांगते. घरी परतताना गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘तिला सगळं माहीत होतं, म्हणून तर ती इतकं साधं बोलली.’ समलिंगी प्रेम हा शब्द आमच्या घरात त्याआधी कधी कुणी उच्चारलेला नाही, आणि त्या दिवशीही आईने उच्चारला नाही. पण तिला जे समजायचं होतं ते समजलं होतं.

सोमवारी मी ऑफिसात सात-आठ जणांना सांगितलं. आईने फोन करून तिच्या दोन्ही बहिणींना सांगितलं. चौघांनी पुढच्या शनिवारी जायचं ठरवलं. गुरुवारी रात्री वेळापत्रक उघडलं, तर आमच्या बाजूला कुठेच शो उरला नव्हता.

माझं तुमच्याशी भांडण आहे ते एवढंच. मराठी प्रेक्षक येत नाही असं तुम्ही म्हणता. तो येतो, पण आठ दिवसांनी येतो. ज्या चित्रपटाचे मोठमोठे फलक नाहीत, ज्याच्या कलाकारांना टीव्हीवरच्या कार्यक्रमात बोलावणं नाही, त्याची जाहिरात म्हणजे आधी बघून आलेली माणसं. ती शनिवार-रविवारी बघणार, सोमवारी डबा खाताना सांगणार, ऐकणारा पुढच्या सुट्टीचा बेत करणार. या साखळीला एक आठवडा लागतोच, आणि नेमका त्या आठवड्याच्या टोकाला शो उतरतो. पहिल्या तीन दिवसांचे रिकाम्या खुर्च्यांचे आकडे बघून तुम्ही निर्णय घेता तेव्हा चित्रपट वाईट आहे का हे तुम्हाला कळलेलं नसतं. तो लागला आहे ही बातमी लोकांपर्यंत पोचलेली नाही, एवढंच त्या आकड्यांतून कळतं.

यात तुमच्या धंद्याचं नुकसान करा असं मी म्हणत नाही. २००९ साली हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला. तो मिटला तेव्हा ठरलेलं सूत्र तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पहिल्या आठवड्याच्या कमाईतले ५० टक्के वितरकाला, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, आणि त्यापुढे ३०. म्हणजे चित्रपट जितका टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढत जातो. टिकणारा चित्रपट तुमच्याच हिताचा आहे. मग ज्याची वाढ सावकाश होते अशा चित्रपटाला रुजायच्या आधी उपटून तुम्हाला काय मिळतं?

आणि वेळेचंही बघा. २०१५ साली मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचा शो द्यायचा विषय निघाला, वाद झाले, आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं धरलं गेलं. त्या हिशेबाने मंगळवारी दुपारी साडेबाराचा शोही प्राइम टाइममध्ये बसतो. त्या वेळी शाळेतली बाई शाळेत असते, बँकेतला माणूस बँकेत असतो आणि रिक्षावाला रिक्षात. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक हीच माणसं आहेत.

आता सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. नंदिनी चिकटे, चित्रपट ‘स्थळ’, दिग्दर्शक जयंत दिगंबर सोमलकर.

‘स्थळ’ २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गेला आणि तिथे आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार घेऊन आला. आपल्या थिएटरात यायला त्याला ७ मार्च २०२५ उजाडावा लागला, तेही सचिन पिळगावकरांसारखं नाव प्रस्तुतकर्ता म्हणून पाठीशी उभं राहिल्यावर. कागदोपत्री तो जुना असेल. माझ्यासाठी चित्रपट ज्या शुक्रवारी मला तिकीट काढून बघता येतो त्या वर्षाचा. तेव्हा ‘छावा’ तीन आठवडे जुना होऊनही थिएटरं भरत होता. दुसऱ्या दिवशी जागतिक महिला दिन होता, आणि मुलीच्या मनाविषयीचा इतका खरा चित्रपट त्या दिवशी शोधून काढावा लागत होता.

सविता चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी. वडील कापूस पिकवतात. ती बी.ए. करते, विषय समाजशास्त्र, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. घरी मात्र एकेक स्थळ बघायला येतं. पाहुणे येतात, पुढच्या खोलीत पुरुष ओळीने बसतात, पोहे-चहा होतो, मुलीला आणून मधोमध बसवतात. नाव सांग. शिक्षण सांग. उंची किती. शेतातलं काम येतं का. मग ‘या आता आत’. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. दिग्दर्शकाने हा प्रसंग चित्रपटात अनेकदा येऊ दिला आहे. कांदेपोह्यांचा कार्यक्रम आपण आजवर विनोदी प्रसंग म्हणून कितीतरी चित्रपटांत पाहिला. इथे तो चौथ्यांदा होतो तेव्हा हॉलमध्ये हसू उमटत नाही.

नंदिनी चिकटे यांचं मोठेपण या पुनरावृत्तीत आहे. पहिल्या वेळी त्यांच्या आवाजात थोडी भीती आहे. पुढे उत्तरं पाठ झाल्यासारखी येऊ लागतात. मग एका वेळी ओठांच्या कडेला राग दिसतो आणि लगेच आत जातो, कारण समोर वडील बसले आहेत. संवाद जवळपास तेच, जागा तीच, मान खाली घातलेली. त्यामुळे बदल दाखवायला या मुलीकडे फारच थोडी सामग्री आहे: पापण्या, श्वास, साडीच्या पदराशी चाळा करणारी बोटं. मी हे काम बघताना एकदाही ‘अभिनय चांगला आहे’ असं मनात आलं नाही. मला माझी चुलतबहीण आठवली. सहाव्या स्थळानंतर ती स्वयंपाकघरात येऊन ताट विसळत उभी राहिली होती, पाठ आमच्याकडे करून, आणि नळ बराच वेळ चालू होता.

या चित्रपटातले बहुतेक लोक व्यावसायिक नट नाहीत. त्याच भागातली माणसं आहेत. वडिलांच्या भूमिकेतले तारानाथ खिरटकर हे माझे यंदाचे सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेते. कापसाला भाव मिळाला तर लग्न, नाही मिळाला तर जमीन विकायची का, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर अखंड चालू असतो. मुलीवर ते प्रेम करतात हेही खरं आणि तिला बाजारात बसवतात हेही खरं. एकातून दुसरं सुटं करता येत नाही, आणि तसं सुटं करायचा प्रयत्न त्यांनी केलेला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अशा कलाकारांबद्दल बोलताना ‘स्वतःसारखंच तर वागायचं होतं’ असं सहज म्हटलं जातं. २०१५ मध्ये ‘कोर्ट’ हा चित्रपट आला तेव्हा त्यात काम केलेल्या नागपूरच्या वीरा साथीदारांबद्दलही असं बोलणारे लोक मला भेटले होते. कॅमेरा समोर असताना, पंधरा माणसं आजूबाजूला उभी असताना, तेच वाक्य सातव्यांदा पहिल्यासारखं बोलणं हे कामच आहे आणि ते फार थोड्यांना जमतं. नंदिनी चिकटे यांना ‘नवोदित’ किंवा ‘उल्लेखनीय’ अशा बाजूच्या खुर्चीत बसवू नये. त्या वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आहेत, कुठलंही विशेषण मागे न लावता.

अभिनेत्यासाठी मी बरेच दिवस अडून होते. एकीकडे भूषण मनोज, दुसरीकडे दिलीप प्रभावळकर. शेवटी प्रभावळकरांचं नाव लिहिलं, आणि वयाचा मान म्हणून लिहिलेलं नाही.

‘दशावतार’ तुम्हाला माहीत आहे, कारण त्याचे शो तुम्ही वाढवत नेलेत. सुबोध खानोलकर दिग्दर्शक, १२ सप्टेंबरला लागला. त्याच दिवशी ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे आणखी दोन मराठी चित्रपट आले होते. एकाच शुक्रवारी तीन मराठी चित्रपट आणण्याची चूक तुमची नाही, निर्मात्यांची आहे, आणि हे पत्र त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर त्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे की आपसांत बोला.

बाबुली मेस्त्री हा कोकणातला म्हातारा दशावतारी. नजर अधू होत चालली आहे. मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे. तळकोकणातल्या जत्रेत ज्यांनी रात्रभर जागून धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, बघितला आहे त्यांना या माणसाची ओळख करून द्यायला नको. दिवसा हा शेतात किंवा कुणाच्या तरी कामावर असतो. रात्री पत्र्याच्या पेटीतून रंग काढतो, हातातल्या आरशात बघून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, आणि पायपेटी-मृदंग-झांजेच्या साथीवर देव होतो. लिखित संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद तिथेच उभे राहतात. पहाट झाली की तोंड धुऊन पुन्हा माणूस.

प्रभावळकर ऑगस्टमध्ये ८१ वर्षांचे झाले. चिमणराव, ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू, ‘हसवाफसवी’ नाटकातल्या एकट्याने केलेल्या सहा भूमिका, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. रूप पालटणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम. म्हणून मला धाकधूक होती की इथेही ते रूपं पालटून दाखवतील आणि आपण टाळ्या वाजवू. तसं झालं नाही. मला लक्षात राहिला तो रंग न लावलेला बाबुली. अंधूक दिसणारा माणूस घरात वावरताना हाताने आधी जागा चाचपतो, मग पाय टाकतो. पण रंगमंचावर पाऊल पडलं की चाचपणी संपते, तिथली जमीन त्याच्या पायांना पाठ आहे. हा फरक प्रभावळकरांनी चालण्यातून दाखवला आहे. एकाच देहात दोन चाली. खेळ सोडायचा म्हणजे या माणसाने दुसरी चाल कायमची गमवायची, हे त्यातून आपोआप कळतं.

चित्रपटाचा उत्तरार्ध मला तेवढा आवडला नाही. खाण, जंगल, राखणदार, सूड, असा तो वेग घेतो, आणि बाबुलीच्या घरातली शांतता त्यात हरवते. कथेचे सांधे उघडे पडतात. तरीही प्रभावळकर प्रत्येक अवतारात बाबुलीला सोबत ठेवतात. देवाच्या मुखवट्याआडून थकलेल्या बापाचा श्वास ऐकू येतो. त्या श्वासासाठी माझं मत त्यांना.

‘दशावतार’ चालला याचा आनंद मला तुमच्याइतकाच आहे. मालवणी कानावर पडावी म्हणून मुंबई-ठाण्याच्या थिएटरांत आजी-आजोबा नातवंडांचा हात धरून आलेले मी बघितले. पण तो चालला यातून एवढंच सिद्ध होतं की बोलीतला चित्रपट बघायला लोक येतात. संगमनेरकडची बोली ऐकायलाही आले असते, चंद्रपूरची ऐकायलाही.

बाकीची यादी भराभर सांगते. ‘जारण’मध्ये अमृता सुभाष यांनी भीती हळूहळू अंगात भिनवत नेली आहे, आणि अनिता दाते यांचे डोळे चित्रपट संपल्यावरही पाठ सोडत नाहीत. दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते मुळात लेखक असल्याने भय कशातून येतं हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. हा चित्रपट जूनमध्ये लागला आणि लोकांनी एकमेकांना सांगितल्यामुळे टिकला. दुसरा आठवडा मिळाला की काय होतं, याचं उदाहरण तुमच्याच वह्यांत आहे. १ मेला आलेल्या ‘आता थांबायचं नाय!’मध्ये मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावी होतात. ‘सही रे सही’ नाटकात ज्यांना आपण विजेच्या वेगाने धावताना पाहिलं त्या भरत जाधवांना इथे पेन हातात धरताना बघा. कामाने घट्टे पडलेल्या बोटांना पेन किती बारीक वाटतं, ते दिसतं. संतोष डावखर यांच्या ‘गोंधळ’ला नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला.

आणि मराठी नसलेला एकच चित्रपट माझ्या यादीत आहे, नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’. तो २६ सप्टेंबरला आला. विशाल जेठवा यांनी अर्जावर आपलं आडनाव लिहिताना कचरणाऱ्या मुलाचं जे काम केलं आहे, ते मी विसरणार नाही. १२, १९ आणि २६ सप्टेंबर. लागोपाठ तीन शुक्रवार, तीन असे चित्रपट. इतका भरलेला महिना मला अनेक वर्षांत आठवत नाही, आणि त्याच महिन्यात सर्वांत जास्त वेळा मी ‘शो उपलब्ध नाही’ हे वाचलं.

तर माझं मागणं. जानेवारीत मोठे चित्रपट येतील, त्यांचे शो त्यांना द्या. पण प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक स्क्रीन, रोज एक शो, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान सुरू होणारा, सात दिवस. ‘सबर बोंडं’, ‘स्थळ’, ‘जारण’, ‘आता थांबायचं नाय!’, ‘गोंधळ’ आलटूनपालटून. वेळापत्रक आठ दिवस आधी जाहीर करा, म्हणजे आम्हाला एकमेकांना सांगता येईल. गुरुवारी रात्री नको. ‘स्थळ’ चंद्रपूर, यवतमाळ, वर्ध्याला नक्की लावा. ज्या पुढच्या खोल्यांमध्ये त्याची गोष्ट घडते त्या खोल्यांतल्या बायका-मुलींना तो आधी बघायला मिळायला हवा.

आणि ‘सबर बोंडं’ नाशिकला एका शनिवारी दुपारी तीनला ठेवता आला तर बघा. अकोले तालुक्यातून माझ्या दोन्ही मावश्या सकाळच्या एसटीने येतील. सप्टेंबरपासून दोघी आईला फोनवर विचारताहेत, तो चित्रपट परत लागणार आहे का. तीनचा शो पाचच्या सुमारास सुटेल, म्हणजे त्यांना संध्याकाळची गाडी मिळेल. मी आणि आई मुंबईकडून येऊ. आमची चार तिकिटं धरा.

आपली,
ठाणे जिल्ह्यातली एक प्रेक्षक